सिंधूच्या पायाखाली

ये गं, अशी जवळ ये. दारात उभं राहून बोलायची ही कुठली तऱ्हा? इतक्या महिन्यांनी येतीस, अन् आल्या आल्या चुळबुळ — गाडी चुकंल, उशीर होईल. होऊ दे. बस इथं, माझ्या शेजारी. तिकडं खाटेवर न्हाई. मला हे मोठ्यानं सांगता यायचं न्हाई.

आज जे सांगणार आहे ते मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. लेकाला न्हाई, लेकीला न्हाई. देवीसमोरसुद्धा न्हाई. देवीसमोर तर मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बडबडत राह्यले — पाऊसपाणी, नातवाची परीक्षा — म्हणजे तिला मला विचारायला फुरसतच मिळू नये. हसू नको. चार बुकं मी स्वतःच्या जिवावर शिकले, बचत गटाच्या कामासाठी, म्हणून आज हे कागदावर उतरवता येऊन राह्यलंय. तू शेजारी बसलीयस असं समजून, बोलते तसंच लिहिते. पुढचं मागं झालं तर सांभाळून घे.

सिंधू माझी धाकटी जाऊ. एका भिंतीची दोन घरं आमची, पिंपळगावात, रेणुकादेवीच्या देवळापासून हाकेवर. शेवटची तीन वर्षं ती अनवाणी चालायची. वैशाखाच्या फुफाट्यात, काट्याकुट्यात, पायात चप्पल न्हाई. अन् चालायची कशी? आधी काठीनं जमीन चाचपायची, मंग डावं पाऊल टाकायची, मंग पुन्हा चाचपायची, अन् मंग उजवं — ते तर असं ठेवायची, जसं काही झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण घालावं. गावाला वाटायचं, देवीचा नवस असंल. बाया कौतुक करायच्या. नवस नव्हता गं. ते कशापायी होतं ते मला ठाऊक होतं. मला एकटीलाच.

पण थांब. असं मधूनच सांगितलं तर तुला उमगायचं न्हाई. विहिरीपासून सांगते.

आमच्या घरामागची विहीर तू पाह्यली आहेस. आता तिच्यात कुणी बादली सोडत न्हाई, पण एके काळी अख्खी गल्ली तिच्यावर. तांबडं फुटायच्या आत बायांचा गलका. कुणाच्या सुनेनं काय केलं, कुणाच्या म्हशीनं लाथ कशी मारली — सगळ्या बातम्या तिथंच. अन् त्या विहिरीत एक कासव होतं. आमच्याकडं रीतच होती ती. कासव पाण्यातलं किडूकमिडूक खातं, पाणी गोड राहतं. अन् कासव असलेली विहीर आटत न्हाई, असं म्हातारी माणसं सांगायची. देवळात देवीच्या समोर दगडाचं कासव, अन् विहिरीत जितं. लेकरं कठड्यावरून चुरमुरे टाकायची, ते वर यायचं, मान काढून बघायचं. नव्या नवरीलासुद्धा पहिल्या दिवशी कासव दाखवायला न्यायचे. सिंधूला मीच नेलं होतं. तिनं वाकून नमस्कार केला अन् मला विचारलं, "आक्का, हे पण आपल्या घरातलंच का? ह्याच्यापुढं पदर घ्यायचा का?" तेव्हापासून आमचं जमलं ते जमलंच.

मंग नळ आले. एका दुष्काळात गाळ काढताना ते कासवही मेलं. ज्याची त्याची बादली ज्याच्या त्याच्या दारात भरायला लागली. सोय झाली, न्हाई कशाला म्हणू? पण सकाळी मी पदर खोचून मागच्या दाराला जायची, अन् तिथं कुणी नसायचं. मालक गेलेले. लेक जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर, सणावारी यायचा तोही सासुरवाडीवरून. दिवसभर घरात माझाच आवाज. मला सारखं वाटायचं — विहिरीत पुन्हा कासव आलं ना, तर लेकरं येतील. लेकरं आली की त्यांच्या माया येतील. वेड लागल्यासारखं वाटायचं.

हे मी माझी बाजू म्हणून सांगत न्हाई. तुला नुसतं कळावं म्हणून सांगते, की ते माझ्या डोक्यात कुठून शिरलं.

दोन हजार साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. आमच्या बचत गटानं जीप ठरवली, कोकणात समुद्र बघायला. नऊ जणी. गटाची अध्यक्ष मी. निघायच्या आधी मी भाषण ठोकलं — कुठं कशाला हात लावायचा न्हाई, गावाचं नाव खाली पडंल असं वागायचं न्हाई. मी बरं का, मी! सिंधू यायला तयार नव्हती. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, सगळं धुरकट दिसायचं. म्हणाली, "मला काय दिसणार आक्का, तुम्ही जा." मीच ओढून नेलं. म्हणलं, तू माझा पदर धर, मी सगळं सांगते तुला.

अन् खरंच, समुद्र तिनं माझ्या तोंडून पाह्यला.

तिथं काय मौज केली म्हणतेस! साठीच्या बाया, लुगडी गुडघ्यापर्यंत धरून लाटांत नाचलो. एकीनं चूळ भरली अन् थुंकली — "एवढं पाणी अन् एक घोट पिता येईना! आमच्या सासूच्या मायेसारखं आहे हे." हसून हसून पोटात कळा. दुसरे लोक होते खूप. पुण्या-मुंबईच्या गाड्या थेट वाळूवर, गाणी लावलेली, बाटल्या, पोरांचे चेंडू. त्यांना बघून आम्हालाही चेव आला. ड्रायव्हरला मीच म्हणलं, घे रे, अजून पुढं घे, पार पाण्यापाशी घे. त्यानं घेतली, अन् मंग भरतीच्या रेघेच्या वरून काठाकाठानं पळवली. जिपेच्या चाकांनी ओल्या वाळूत दोन खोल चाकोऱ्या पाडल्या. आम्हाला त्याचंही कौतुक.

गटातल्या एकीचा भाचा त्या गावात मास्तर होता. त्यानं आमची राहायची सोय दत्ताराम नावाच्या एका कोळ्याच्या पडवीत केली होती. हा दत्ताराम समुद्राच्या कासवांची अंडी राखायचा. कासवीण येते, वाळूत खड्डा करून अंडी घालते अन् निघून जाते. ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांनी खाऊ नयेत म्हणून हा ती उचलून जाळीच्या कुंपणात पुरायचा, वर टोपली पालथी घालायचा. पिल्लं निघाली की समुद्राकडं सोडायचा. जेवता जेवता सहज म्हणाला, "पूर्वी मीच चोरायचो, मावशी. अंडी उकरायची नि विकायची. लय खाल्ली पण." नऊ परक्या बायांसमोर, भाताचा घास हातात घेऊन, एवढं सरळ बोलला. मला आठवतं, मी मनात म्हणलं होतं — काय निलाजरा माणूस आहे!

त्याची बायको म्हणाली, कासवीण कुठं का फिरेना, अंडी घालायला जिथं जन्मली त्याच काठाला येते. लेकी बाळंतपणाला माहेरी येतात तशी. म्हणून पिल्लाला उचलून पाण्यात ठेवायचं नसतं. त्याला त्याच्या पायांनी वाळूवरून चालू द्यायचं, म्हणजे त्याला काठ ओळखीचा होतो. हे ऐकून सिंधूचा घास ताटातच राह्यला. तिचं माहेर लहानपणीच संपलेलं.

मी काय विचारलं, माहीत आहे? मी विचारलं, एखादं आम्हाला द्याल का, विहिरीत सोडायला? दत्ताराम मोठ्यानं हसला. म्हणाला, "हे खाऱ्या पाण्याचं जनावर, मावशी. तुमच्या विहिरीत मरंल ते."

ऐकलंस ना? त्यानं सांगितलं होतं. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला न्हाई. मी त्याच्या पडवीत बसून, त्याच्या घरचं जेवून, मनात म्हणलं — ह्याला आमच्या विहिरीचं काय कळतंय?

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं टोपली उचलली. आतली वाळू हलत होती. मंग डोकी वर आली, काळीकुळकुळीत, तळहातात मावतील एवढाली. त्यानं दोरी बांधली होती, लोकांनी पलीकडं थांबावं म्हणून, पण गाड्यांतले लोक दोरी ओलांडून पुढं आलेच. कुणी फोटो काढतंय, कुणी पिल्लाला बोट लावतंय, कुणी लेकराला खांद्यावर घेऊन ओरडतंय. आम्हीपण त्यांच्यातच. सिंधूनं माझा पदर घट्ट धरलेला. "आक्का, कशी दिसून राह्यलीत गं? सांग ना."

म्हणलं, "मूठभर बी पेरावं अन् त्याला पायच फुटावेत, तशी."

दत्ताराम टोपलीपाशी एकेक मोजून सोडत होता. एकसष्ट. त्याची बायको पाण्यापाशी उभी राहून मोजत होती. अन् मधे आमच्या चाकोऱ्या. आदल्या संध्याकाळच्या. पिल्लं चालत यायची, धप्पकन चाकोरीत पडायची, अन् वर चढता येईना म्हणून त्या चाकोरीतूनच सरळ चालत सुटायची — समुद्र डाव्या हाताला राह्यला अन् ही निघाली भलतीकडंच. दत्ताराम हातांनी वाळू ढकलून चाकोरी बुजवत होता. "गाडी कुणी आणली इथं? कुणी आणली?" आमचा ड्रायव्हर आभाळात घारी बघत होता. मीही तिकडंच बघितलं.

एक पिल्लू माझ्या पायापाशी चाकोरीत पडलं होतं. मी वाकले. खरं सांगते, उचलून वर ठेवायलाच वाकले. ते हातात आलं. ओलं, गार, अन् चारही वल्ही हलवून राह्यलेलं — हवेत पोहत होतं गं ते, माझ्या मुठीत. पिशवीत लाडवांचा रिकामा डबा होता. सगळे दुसरीकडं बघत होते. माझ्या जवळ फक्त सिंधू होती, पदर धरून, अन् तिला दिसत नव्हतं.

मी ते डब्यात ठेवलं. वर मूठभर ओली वाळू. झाकण.

एवढंच असतं तरी मी तुला इतक्या जवळ बसवलं नसतं.

पाण्यापाशी दत्तारामच्या बायकोचे साठच भरले. त्यानं पुन्हा विचारलं, ती म्हणाली साठच. तो चाकोरीच्या कडेनं शोधत आला, गुडघ्यांवर, वाळू हातानं सारत. माणसं जागच्या जागी थिजली. तो शोधत शोधत आमच्यापाशी आला. माझ्या पिशवीपासून हातभर अंतरावर होता तो. त्यानं वर बघितलं. काही म्हणालाही नव्हता अजून. पण मला वाटलं, ह्याला कळलं. नऊ बायांची अध्यक्ष. गावाचं नाव. अन् माझ्या तोंडातून निघालं —

"हिच्या पायाखाली काहीतरी आलं बघा. हिला दिसत न्हाई."

कुणी शिकवलं गं हे मला? कुठून आलं इतक्या जल्दी? मी आजही शोधते. आधी ठरवलं नव्हतं. पण न ठरवता आलं, म्हणजे ते आतच होतं ना?

सिंधू ओरडली न्हाई. तिनं माझा पदर सोडला न्हाई. उलट आणखी घट्ट धरला, अन् एक पाय वर उचलून एका पायावर उभी राह्यली. "कुठला पाय, आक्का?"

तेव्हा तरी म्हणायचं होतं, न्हाई गं, मला भास झाला. तेवढी जागा होती. मी म्हणलं, "उजवा."

मंग ती तशीच उभी. उजवा पाय खाली टेकवायला तयार न्हाई. दोघींनी धरून तिला जिपेपर्यंत आणलं, लंगडी घालत. दत्तारामनं तिथली वाळू चाळली, काही मिळालं न्हाई. मिळणार कुठून? शेवटी तो म्हणाला, असू दे, लाटेनं नेलं असंल, माणसांची गर्दी झाली की हे असंच होतं. सिंधूला वाईट वाटू नये म्हणून म्हणाला. मास्तर नंतर सांगत होता, त्या दिवसानंतर दत्तारामनं बाहेरच्या लोकांना पिल्लं दाखवायचं बंद केलं. सगळ्यांनाच. ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांनासुद्धा.

परतीच्या वाटेवर शहागडला एकीला माहेरी सोडायचं होतं. गोदावरीच्या काठी जीप थांबली. सिंधू पाण्यात बसली अन् वाळूनं उजवा तळपाय घासत राह्यली. घासतेय, घासतेय. अन् मी तिच्यापासून चार पावलांवर, पाठमोरी, डब्यातल्या वाळूवर पाणी शिंपडत होते. मला डब्याच्या आत नखांचा आवाज येत होता. तिच्यापर्यंत जात असंल का तो? डोळे गेलेल्या माणसाचे कान तिखट असतात म्हणतात.

घरी आल्यावर मी ते विहिरीत सोडलं. दत्ताराम म्हणाला होता तसंच झालं. ते एका जागी ठरलंच न्हाई. सारखं पोहत राह्यलं, भिंतीला धडका देत, दगडाला हात मारत — जणू ह्या दगडाच्या पलीकडंच समुद्र आहे. चुरमुरे टाकले, खाल्ले न्हाईत. कुणाला दाखवायचीही सोय नव्हती. कुठून आणलं म्हणून विचारलं असतं. ज्याच्यासाठी आणलं तेच करता येईना. चौथ्या दिवशी दुपारी ते उताणं होऊन तरंगताना दिसलं. बादलीनं काढलं. कठड्याच्या बाजूला खड्डा करून पुरलं, कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर एक चपटा दगड ठेवला.

त्या दगडावर सिंधू येऊन बसायची.

हो गं. रोज. घरात जीव घाबरतो म्हणायची, अन् मागच्या दारानं यायची, काठीनं चाचपत, अन् नेमकी त्याच दगडावर टेकायची, चपटा होता म्हणून. अन् तिथं बसून मला म्हणायची, "आक्का, एवढ्या लांबून जन्माला आलेलं गं ते. माझ्याच पायाखाली यायचं होतं?" मी समोर कठड्याला टेकून शेंगा निवडत असायची. म्हणायची, होतं असं, विसर आता.

चपला तिनं शहागडलाच सोडल्या होत्या. त्यानंतर कुठं लग्नाकार्याला जाणं सोडलं. लेकरं रांगत असतील त्या घरात तर पाऊलच टाकायची न्हाई. म्हणायची, माझ्या पायाचा भरवसा न्हाई. पुढं जालन्याला डोळ्यांचं ऑपरेशन झालं, बराबर दिसायला लागलं. मला वाटलं, सुटले. कसली सुटते? आता ती उघड्या डोळ्यांनी खाली बघत चालायला लागली, अन् काठी तशीच.

एकदा पोस्टकार्ड घेऊन आली. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणाली, तू लिही आक्का, त्या दत्तारामभाऊला. लिही की माझ्या हातून पाप झालं, मला दिसत नव्हतं, बहीण समजून माफ करा. मी लिहिलं. तिनं सांगितलं तसं, शब्दाला शब्द. माझं अक्षर त्या दिवशी लई चांगलं आलं होतं. तिनं कार्ड उलटसुलट करून बघितलं अन् माझ्याकडं दिलं — पेटीत टाक म्हणून.

मी ते टाकलं न्हाई. दत्ताराम काय उत्तर देईल? मास्तराला विचारील, मास्तर आमच्या गटातल्या त्याच्या मावशीला विचारील... ट्रंकेत, लुगड्यांच्या खाली ठेवलं. अजून तिथंच आहे.

ती पोस्टमनची वाट बघायची. "आलं का गं कोकणातून काही?" न्हाई. पुढच्या महिन्यात पुन्हा. न्हाई. मंग एक दिवस म्हणाली, "त्यानं माफ न्हाई केलं, आक्का. बरोबरच आहे त्याचं." अन् पुन्हा विचारलं न्हाई.

मला काय खातं, सांगू? खोटं बोलायला मी भीत नव्हते. एक खोटं बोलून बसलेच होते. मंग दुसरं, तिच्या भल्याचं, का बोलले न्हाई? घरात कोरी कार्डं होती. चार ओळी लिहायच्या — ताई, तुमच्या पायाखाली काही आलं न्हाई, पिल्लू नंतर सापडलं — अन् तिला वाचून दाखवायचं. ती खळखळून हसली असती. चपला घातल्या असत्या तिनं. किती सोपं! मी तेही केलं न्हाई. न्हाई केलं, कारण ते बोलताना मला त्या डब्याचं झाकण उघडावं लागलं असतं, निदान मनातल्या मनात. मी तिच्यापेक्षा त्या झाकणाला जपलं.

मागच्या संक्रांतीनंतर ती गेली. शेवटचं न्हाऊ घालताना बायांनी विचारलं, पाय कोण धुतंय? मी धुतले. उजव्या तळपायाला भेगा इतक्या, की बोटांना टोचत होत्या. मी पाणी ओतत राह्यले. तिच्या कानाशी तोंड न्यायला काही अंतर नव्हतं. मेलेल्या माणसाला सांगायला कसली आली भीती? पण बाया होत्या भोवती. मी नुसता पाय धुतला.

तिच्या पायाखाली काही नव्हतं. बिलकुल काही नव्हतं. ते माझ्या डब्यात होतं.

झालं. आता तू काही म्हणू नको. माफ कर असं मी तुला म्हणत न्हाई; ते तुझ्याकडं न्हाईच, अन् जिच्याकडं होतं तिला मी विचारलं न्हाई. पाणी पी. तुझी गाडी अजून मिळंल.

पुढच्या वेळी येशील तेव्हा मागच्या दारानं ये, विहिरीवरून. कठड्यापाशी तो चपटा दगड दिसंल — त्याच्यावर बसू नको, बाजूनं ये. अन् जल्दी ये गं, आजच्यासारखे महिने लावू नको. त्या वाटेनं आता कुणीच येत न्हाई.